‘महिन्याला किती?’ हे सगळ्यात शेवटी विचारा



मागच्या महिन्यात आपल्या वार्तापत्राच्या संपादक ताईंनी मला विचारले, “तुम्ही नवी गाडी घेतलीत म्हणे. त्यावर काही लिहून द्या ना.” मी लगेच इंजिन, टर्बो, सहा गिअर असे सांगायला लागलो. त्या म्हणाल्या, “ते नको हो. तुमच्या मुलीने वर्गात सांगितले की तिने तुम्हाला गाडीच्या दुकानातून उठवून बाहेर आणले. ते लिहा!”

तर तेच लिहितो. न्यू जर्सीत सतराव्या वर्षी लायसन्स मिळते, म्हणजे वरच्या वर्गातले तुम्ही लवकरच गाडीच्या दुकानात जाऊन बसणार आहात. आईबाबांबरोबर का होईना! तेव्हा हे गणित आत्ताच समजून घेतलेले बरे. घाबरू नका, भागाकार आणि गुणाकार यापलीकडे त्यात काही नाही.

इथेही घासाघीस?

लहानपणी मी आईबरोबर पुण्याच्या मंडईत जात असे. पिशवी धरणे हे माझे काम आणि भाव करणे हे तिचे. भाजीवालीने भाव सांगितला की आई काही न बोलता दोन पावले पुढे जायची. मग मागून हाक यायची, “अहो ताई, या, किती देता बोला!”

अमेरिकेत आल्यावर ही सवय सुटली. इथे दुधापासून टीव्हीपर्यंत प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली असते आणि ती सगळ्यांना सारखीच असते. त्यामुळे आपल्यातल्या बऱ्याच जणांना भाव करायची लाज वाटू लागते. पण नवी गाडी हा मोठा अपवाद आहे. तिथे अजून मंडईच आहे, फक्त वातानुकूलित!

नव्या गाडीच्या काचेवर एक छापील कागद चिकटवलेला असतो. त्याला ‘मनरोनी स्टिकर’ म्हणतात. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मनरोनी यांनी १९५८ साली हा कायदा करून घेतला. त्याआधी एकाच गाडीची किंमत प्रत्येक दुकानदार वाटेल ती सांगत असे. आता मूळ किंमत, कारखान्यात बसवलेल्या जादा वस्तू, वाहतूक खर्च आणि एकूण बेरीज हे सगळे त्या कागदावर छापावे लागते.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ती बेरीज म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीने *सुचवलेली* किंमत. दुकानदार त्यापेक्षा कमी घेऊ शकतो आणि जास्तही मागू शकतो. २०१७ साली होंडाची ‘सिव्हिक टाइप आर’ ही जोरदार गाडी पहिल्यांदा अमेरिकेत विकायला आली. स्टिकर सुमारे ३४ हजार डॉलरचा होता, पण गाड्या थोड्या आणि गिऱ्हाइके फार, म्हणून अनेक दुकानदारांनी त्यावर हजारो डॉलर जादा मागितले. २०२१ मध्ये संगणकाच्या चिप्सचा तुटवडा पडला तेव्हा तर साध्या गाड्यांनाही स्टिकरपेक्षा जास्त पैसे पडू लागले. दुकानात गाड्या पडून असतील तर किंमत खाली येते, नसतील तर वर जाते.

मग कंपनी सरळ आपल्यालाच का विकत नाही? कारण बहुतेक राज्यांत जुन्या कंपन्यांना गाड्या डीलरमार्फतच विकाव्या लागतात, असा कायदा आहे. डीलर हा स्वतंत्र व्यापारी असतो. तो कंपनीकडून गाडी विकत घेतो आणि नफा ठेवून आपल्याला विकतो. जनरल मोटर्सने १९९० मध्ये ‘सॅटर्न’ नावाच्या गाड्या काढल्या आणि “आमच्याकडे एकच भाव” असे जाहीर केले. लोकांना ते आवडलेही, पण ती गाडी २०१० मध्ये बंद झाली. टेस्ला डीलरशिवाय ठरलेल्या किमतीला विकते. त्यावरून आपल्या न्यू जर्सीत २०१४ मध्ये मोठा वाद झाला होता, आणि २०१५ मध्ये वेगळा कायदा झाल्यावर त्यांना इथे दुकाने चालवता आली. बाकी बहुतेक ठिकाणी घासाघीस आहेच.

माझी चूक

आता माझी फजिती सांगतो. २०१२ साली मी पहिल्यांदा गाडी लीजवर घेतली. साधीच चार दारांची गाडी होती. सेल्समनने हसून विचारले, “महिन्याला किती बसेल तुम्हाला?” मी इंजिनिअर! बजेट करूनच गेलो होतो. मी ऐटीत सांगितले, “साडेतीनशेच्या वर एक डॉलर देणार नाही.” तो चार वेळा आत मॅनेजरकडे जाऊन आला. शेवटी घाम पुसत म्हणाला, “३४९!” मला वाटले, जिंकलो. घरी येताना पेढे घेऊन आलो.

रात्री पत्नीने कागद वाचले. ती म्हणाली, “अरे, सुरुवातीला भरलेले साडेतीन हजार कशाचे? आणि गाडीची किंमत तर स्टिकरचीच आहे. कमी काय केले त्यांनी?” माझ्याकडे उत्तर नव्हते. तुळशीबागेत वीस रुपये वाचवण्यासाठी तीन दुकाने फिरणारा मी इथे किंमत विचारायलाच विसरलो होतो!

पुढची गोष्ट त्याहून वाईट. पाच महिन्यांनी हायवेवर बर्फावरून गाडी घसरली. देवाच्या दयेने कोणाला काही झाले नाही, पण गाडी दुरुस्त करण्यापलीकडे गेली. इन्शुरन्सचे पैसे लीज कंपनीला मिळाले, कारण गाडी त्यांची होती. माझे साडेतीन हजार डॉलर मात्र गेले ते गेलेच. ते आगाऊ दिलेले भाडे होते, आणि गाडीच राहिली नाही तर ते परत कोण देणार?

त्या वर्षी आम्ही डिसेंबरची भारतवारी रद्द केली. आजी आमच्या मुलीच्या वाढदिवसाची वाट पाहत होती. म्हणून मला हे गणित विसरता येत नाही.

लीज म्हणजे काय?

पूर्वी पुण्यात तासावर सायकल भाड्याने मिळायची. सायकलवाला तास मोजायचा. लीज कंपनी गाडीची किंमत किती उतरली ते मोजते. समजा गाडी आज ४७ हजारांची आहे आणि तीन वर्षांनी ती २९ हजारांची उरणार आहे. मधले १८ हजार तुम्ही ‘वापरून संपवलेत’. याला मराठीत सुंदर शब्द आहे, घसारा. हा घसारा तुम्ही हप्त्याहप्त्याने भरता. शिवाय कंपनीचे पैसे त्या गाडीत अडकलेले असतात, त्याचे व्याजही भरता. घसारा अधिक व्याज म्हणजे लीजचा हप्ता. झाले!

त्यासाठी चार आकडे लागतात.

१. ठरलेली किंमत. इथे त्याला ‘कॅप कॉस्ट’ म्हणतात. ही घासाघिशीची खरी जागा. लीज आहे म्हणून किंमत ठरवायची नसते, असे बऱ्याच जणांना वाटते. ते साफ चूक आहे. विकत घेताना करतो तसाच भाव इथेही करायचा.

२. उरलेली किंमत, म्हणजे ‘रेसिड्युअल’. मुदत संपल्यावर गाडीची किंमत काय राहील, हे लीज कंपनी आधीच ठरवून टाकते. ती स्टिकरच्या अमुक टक्के अशी असते. यावर घासाघीस होत नाही. पण विचारायची जरूर, कारण ती जितकी जास्त तितका घसारा कमी आणि हप्ताही कमी.

३. मनी फॅक्टर. हे व्याजच आहे, फक्त वेश बदललेले. ०.००२० असा छोटासा आकडा असतो, त्यामुळे तो निरुपद्रवी दिसतो. लीज कंपनीचा एक मूळ दर असतो. डीलरला त्यावर आपला थोडा नफा चढवता येतो. म्हणून हाही आकडा बोलून कमी करता येतो.

४. मुदत आणि मैल. बहुधा ३६ महिने आणि वर्षाला १०, १२ किंवा १५ हजार मैल. त्याहून जास्त चालवली तर मैलामागे दंड पडतो. तो २५ सेंट असेल, तर ४ हजार मैल जादा झाल्यावर एक हजार डॉलर! आपले ऑफिस, क्लास, देऊळ, नाटकांच्या तालमी हे सगळे जाणे-येणे आधी मोजा.

आता गणित

स्टिकर ५०,००० डॉलर. घासाघीस करून ठरलेली किंमत ४७,०००. उरलेली किंमत स्टिकरच्या ५८ टक्के, म्हणजे २९,०००. मुदत ३६ महिने. मनी फॅक्टर ०.००२०. कर आणि फी सध्या बाजूला ठेवू.

घसारा: ४७,००० वजा २९,००० म्हणजे १८,०००. भागिले ३६, उत्तर ५०० डॉलर.

व्याज: ४७,००० *अधिक* २९,००० म्हणजे ७६,०००. गुणिले ०.००२०, उत्तर १५२ डॉलर.

हप्ता: ५०० अधिक १५२, म्हणजे ६५२ डॉलर.

हुशार विद्यार्थी विचारतील, “काका, व्याज काढताना दोन्ही किमतींची बेरीज का?” छान प्रश्न! सुरुवातीला कंपनीचे ४७,००० अडकलेले असतात आणि शेवटी २९,०००. म्हणजे सरासरी काढायला बेरीज करून २ ने भागायचे. वर्षाच्या व्याजाचे महिन्याचे व्याज करायला १२ ने भागायचे. आणि टक्के आहेत म्हणून १०० ने भागायचे. २ गुणिले १२ गुणिले १०० किती? २४००. हे सगळे भागाकार कोणीतरी आधीच करून ठेवले आणि त्या उत्तराला मनी फॅक्टर असे नाव दिले. म्हणून उलटे जायचे असेल तर मनी फॅक्टरला २४०० ने गुणा, व्याजाचा दर मिळतो. ०.००२० गुणिले २४०० म्हणजे ४.८ टक्के. हा २४०० चा आकडा पाठ करून ठेवा. बेचा पाढा पाठ आहे तसाच!

एकच हप्ता, दोन गोष्टी

आता खरी गंमत. माझ्या २०१२ च्या फजितीचे मूळ इथे आहे.

समजा डीलरने किंमत अजिबात कमी केली नाही. गाडी स्टिकरच्या ५०,००० लाच दिली. गणित केले तर हप्ता ७४१ डॉलर येतो. तुम्ही म्हणता, “मला ६५२ च हवेत.” तो म्हणतो, “ठीक आहे, सुरुवातीला फक्त ३,००० भरा.” मग ५०,००० मधून ३,००० गेले, राहिले ४७,०००, आणि हप्ता आला बरोबर ६५२!

पाहिलेत? पहिल्या वेळी ३,००० डॉलर डीलरने सोडले होते. दुसऱ्या वेळी ते तुमच्याच खिशातून गेले. हप्ता मात्र एकच. नुसता हप्ता पाहून यातले काय घडले, हे जगातला कोणताही गणिती सांगू शकणार नाही.

माझे काम प्रोग्राम लिहिण्याचे आहे, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. हप्ता हे उत्तर आहे, प्रश्न नव्हे. चार आकडे आत टाकले की तो आपोआप बाहेर येतो. तुम्ही उत्तर आधीच सांगून टाकलेत, तर आतले आकडे हवे तसे फिरवायला दुसरा मोकळा झाला. म्हणून ‘महिन्याला किती?’ या प्रश्नाला उत्तर देऊ नका, आणि तुम्हीही तो सगळ्यात शेवटी विचारा.

जोरदार गाडीचे जादा खर्च

आता कबूल करतो. या वेळची गाडी मला साधी नको होती. कॉलेजात असताना होस्टेलच्या भिंतीवर ज्या गाडीचे चित्र लावले होते, तिच्या नातवंडांपैकी एक हवी होती. हाताने गिअर टाकायची, तीनशेच्या वर हॉर्सपॉवरची. अशा गाडीला परफॉर्मन्स कार म्हणतात. तिच्या बाबतीत आणखी काही पाहावे लागते.

इन्शुरन्स बहुधा जास्त पडतो, म्हणून गाडी ठरवण्याआधीच फोन करून दर विचारून घ्यावा. पेट्रोल बहुतेक वेळा महागातले लागते. टायर उन्हाळ्याचे असतील तर तापमान ४५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेल्यावर ते कडक होऊन रस्ता नीट धरत नाहीत. न्यू जर्सीत तर निम्मे वर्ष तसेच, म्हणजे हिवाळ्याचा वेगळा संच घ्यावा लागतो. लीज संपताना टायर झिजलेले असले तर त्याचेही पैसे मागतात, आणि हे रुंद मऊ टायर लवकर झिजतात. गाडीत बदल केलेले लीज कंपनीला चालत नाहीत; सायलेन्सर बदलला असेल तर परत करताना मूळचा बसवून द्यावा लागतो. आणि ‘विंटर पॅकेज’, ‘कार्बन पॅकेज’ असे जोडत गेलात की स्टिकर फुगत जातो. ‘बेस’ गाडीचा हप्ता जाहिरातीत पाहून गेलेला माणूस भलत्याच आकड्याची गाडी घेऊन येतो.

आम्ही काय केले

आपल्या न्यू जर्सीत रविवारी गाड्या विकायला कायद्याने बंदी आहे. बऱ्याच जणांना हे गैरसोयीचे वाटते. आम्हाला ते सोयीचे झाले. मराठी शाळा सुटली की मी आणि मुलगी कुठल्यातरी बंद दुकानाच्या आवारातून चक्कर मारायचो. मागे लागायला सेल्समन नाही! शांतपणे स्टिकर वाचायचे आणि वहीत लिहायचे. काही गाड्यांवर मनरोनी स्टिकरच्या शेजारी दुसरा कागद दिसला. त्यावर ‘टायरमध्ये नायट्रोजन’, ‘रंगाचे संरक्षण’, ‘मार्केट अॅडजस्टमेंट’ असे लिहून हजार-दोन हजार वाढवलेले. हा दुसरा कागद डीलरचा स्वतःचा असतो, कायद्याचा नव्हे. मुलगी म्हणाली, “बाबा, हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच की!” शाळेतले विज्ञान कामाला आले.

मग पाच डीलरना ईमेल लिहिली. “ही गाडी, हे पर्याय, ३६ महिने, १२ हजार मैल, सुरुवातीला काही भरणार नाही. गाडीची किंमत, उरलेली किंमत, मनी फॅक्टर आणि सगळ्या फी वेगवेगळ्या लिहून पाठवा.” तिघांनी नीट उत्तर दिले. तिघांच्याही पत्रात मनी फॅक्टर ०.००२० होता. त्यावरून मूळ दर कुठे असेल, याचा अंदाज आला. (सोपे जावे म्हणून इथले आमचे आकडे मी गोल करून दिले आहेत.)

पण मला हवी तशी निळी गाडी होती सहाव्याच दुकानात. तिथे ईमेलला “या, बसून बोलू” इतकेच उत्तर आले होते. शनिवारी गेलो. चालवून पाहिली. आता काय सांगू! परत आलो तेव्हा माझ्या चेहऱ्यावर सगळे लिहिलेले असणार.

सेल्समनने चार चौकोन आखलेला कागद पुढे ठेवला. एका चौकोनात जुन्या गाडीचे पैसे, एकात किंमत, एकात सुरुवातीची रक्कम, एकात हप्ता. हा त्यांचा जुना डाव आहे. एका चौकोनात थोडे दिले की दुसऱ्यातून काढून घ्यायचे. आणि मग तोच प्रश्न, “महिन्याला किती बसेल?” मी म्हणालो, “ते नंतर. आधी गाडीची किंमत.” बराच वेळ गेला. शेवटी ४८,५०० आले. “मनी फॅक्टर?” तो म्हणाला, “तो कॉम्प्युटर काढतो.” कॉम्प्युटरला कोणीतरी आकडा दिल्याशिवाय तो काही काढत नाही, हे मला माहीत आहे. माझे पोट त्यावरच चालते!

लीजच्या कागदावर व्याजाचा दर लिहिण्याची सक्ती नाही. पण १९७६ च्या ग्राहक लीज कायद्याप्रमाणे व्याजाची एकूण रक्कम डॉलरमध्ये दाखवावी लागते. तिला ‘रेंट चार्ज’ म्हणतात. आम्ही करारातली ती ओळ दाखवायला सांगितली. ७,२५४ डॉलर. मुलीने फोनवर भागाकार केला. ७,२५४ भागिले ३६ म्हणजे २०१.५०. त्याला ४८,५०० आणि २९,००० च्या बेरजेने, म्हणजे ७७,५०० ने भागले. ०.००२६. गुणिले २४०० म्हणजे ६.२४ टक्के. बाकीचे ४.८ सांगत होते.

मॅनेजर बाहेर आला. “ही ऑफर फक्त आजच्यापुरती आहे. संध्याकाळी एक गिऱ्हाईक येणार आहे, निळी गाडी राहणार नाही.” माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला होता, हे खरे आहे. सतरा-अठरा वर्षे नोकरी केली, आता एक हौस करायची तर कशाला एवढा हिशेब, असेही मनात आले.

तेवढ्यात शेजारून हळू आवाजात मराठीत प्रश्न आला, “बाबा, उठायचं का?”

मुलांनो, मराठी शिकण्याचा हा एक उपयोग कोणी पुस्तकात लिहिलेला नाही. दुकानात समोरच्याला न कळता बोलता येते! (एडिसनमध्ये हे जरा जपून करावे. समोरच्यालाही मराठी येत असू शकते.)

मी तिच्याकडे पाहिले. २०१२ च्या डिसेंबरमध्ये आजीकडे जाता आले नाही म्हणून रडलेली मुलगी हीच. उठलो. “विचार करून कळवतो” म्हणालो आणि बाहेर आलो. पार्किंगमध्ये माझे पाय जड झाले होते, ती मात्र आनंदात होती. आई मंडईत दोन पावले पुढे जायची, ती ही अशी.

मागून हाक आली नाही. निळी गाडी गेली असेल. बारा दिवसांनी महिनाअखेरीला त्या तिघांपैकी एकाने ४७,००० किंमत आणि तोच ०.००२० चा मनी फॅक्टर दिला. गाडी चाळीस मैलांवर होती आणि रंग करडा. हप्ता ६५२. पहिल्या दुकानाच्या हिशेबाने तो ७४३ झाला असता. तीन वर्षांचा फरक सुमारे ३,२८० डॉलर. या डिसेंबरची तिकिटे काढली आहेत. आजीला करडा रंगच आवडतो म्हणे!

लक्षात ठेवा

१. आधी गाडीची किंमत, मग मनी फॅक्टर, मग फी. जुनी गाडी द्यायची असेल तर तिचा भाव वेगळा. एका वेळी एकच आकडा. हप्ता शेवटी.

२. लीजमध्ये सुरुवातीला जास्त पैसे भरू नका. गाडी गेली तर ते परत मिळत नाहीत. आणि गाडीच्या बाजारभावापेक्षा कंपनीचे देणे जास्त असेल तर तो फरक भरून देणारे ‘गॅप’ संरक्षण करारात आहे का, ते पाहा.

३. फी वाचा. लीज सुरू करण्याची फी, गाडी परत करतानाची फी, कागदपत्रांची फी. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात कागदपत्रांच्या फीवर कायद्याची मर्यादा आहे. सगळीकडे तशी नाही. न्यू जर्सीत लीजच्या पूर्ण मुदतीचा विक्रीकर सुरुवातीलाच लागतो, तोही धरा.

४. “तीन दिवसांत परत करता येते” असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. तो केंद्रीय नियम घरी येऊन विकणाऱ्यांसाठी आहे. दुकानात जाऊन सही केलेल्या नव्या गाडीला तो लागू नाही. सही म्हणजे सही.

५. लीज मध्येच मोडणे फार महाग पडते. नोकरी किंवा व्हिसाचे नक्की नसेल तर आधी विचार करा.

६. मुदत संपताना बाजारभाव पाहा. उरलेल्या किमतीला गाडी विकत घेण्याची सोय बहुतेक करारांत असते. २०२१-२२ मध्ये जुन्या गाड्या इतक्या महागल्या की ज्यांनी ती सोय वापरली त्यांचा फायदाच झाला.

७. आणि सर्वांत महत्त्वाचे: जो उठू शकतो, तोच भाव करू शकतो. एकटे उठणे जमत नसेल तर मुलांना बरोबर न्या.

गृहपाठ

एका गाडीचा स्टिकर ३०,००० डॉलर आहे. ठरलेली किंमत २८,८००. उरलेली किंमत स्टिकरच्या ६० टक्के. मुदत ३६ महिने. मनी फॅक्टर ०.००१५.

(अ) महिन्याचा हप्ता किती? (कर आणि फी धरू नका.)
(आ) व्याजाचा दर किती?
(इ) डीलरच्या कागदावर रेंट चार्ज ३,३६९.६० डॉलर लिहिला आहे. त्याने मनी फॅक्टर तोच ठेवला आहे का?

शब्दार्थ

घासाघीस – किंमत कमी करण्यासाठी केलेली बोलाचाली
घसारा – वापरामुळे वस्तूची उतरलेली किंमत
गिऱ्हाईक – विकत घेणारा माणूस
फजिती – आपल्याच चुकीने झालेली पंचाईत
ऐटीत – रुबाब दाखवत
हौस – मनापासूनची आवड
मुदत – ठरवून दिलेला काळ

उत्तरे (आधी पाहू नका!)
(अ) ३७०.२० डॉलर. (आ) ३.६ टक्के. (इ) नाही. ०.००२० केला आहे, म्हणजे ४.८ टक्के. अशा वेळी काय करायचे, ते तुम्हाला आता माहीत आहे!

आपला,
वरच्या वर्गातील एका विद्यार्थिनीचे बाबा